संज्याची शाल

शनिवार संध्याकाळ, रीडिंग, इंग्लंड

आज आमच्या मराठी मंडळाने संज्याचा सत्कार केला. पुण्यातला माझा रूममेट. मी व्हिसावर इकडे आलो, त्याने छापखाना काढला. आता आमदार आहे, छापखानाही चालूच आहे.

मी मंडळाचा सेक्रेटरी. शाल वेंबलीहून मीच आणली, स्टेजवर तबक धरून मीच उभा. भाषणात म्हणाला, "माझं पहिलं प्रचारपत्रक यानेच लिहून पाठवलं." लिहिताना मला खात्री होती की हा पडणार. हे कुणाला सांगू?

गाडीत मुलगी तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत म्हणाली, "बाबा, तुला का नाही दिला शाल?"

बॅगेत जागा नाही म्हणून शाल तो माझ्याकडेच ठेवून गेला. आत्ता माझ्या खांद्यावर आहे. हीटिंग चालू आहे, तरी.