जवळची व्यक्ती

मंगळवार, दिवेलागण. जालना, खोलीवर.

समाजकार्याच्या कोर्सला, केस मॅनेजमेंटच्या वर्गात मॅडमनी आज माझी फाइल सगळ्यांसमोर उघडली. केदारखेड्याच्या शेवंताबाईंचा फॉर्म. एकट्या राहतात, गुडघे गेलेत, पेन्शनचे कागद अडकलेत. सगळं बराबर भरल्तं मी. फक्त 'जवळची व्यक्ती' या रकान्यात माझंच नाव.

मी काय हौसेनं लिहिलं? तीनदा विचारलं त्यांना. भाऊ, पुतण्या, शेजारीण, कोणी तरी? म्हातारी वैतागली. "दर गुरुवारी तूच येती ना? मंग तुझंच लिही की." लिहून टाकलं.

मॅडम म्हणाल्या, "कार्यकर्तीनं नातेवाईक व्हायचं नसतं. कोर्स संपला की तू जाशील, मग त्या कोणाला हाक मारतील?" बरोबरच आहे त्यांचं. पण लाल पेनानं माझं नाव खोडलं, तेवढं बघवलं न्हाई.

उद्या तोच फॉर्म स्वतःचा भरून न्यायचाय, सरावासाठी. आल्यापासून तेच करून राह्यले. नाव, वय, शिक्षण जल्दी झालं. त्या रकान्यापाशी येऊन बसले ती बसलेच. आई गेली. दादाचा फोन दिवाळीला येतो, तोही वहिनीनं आठवण केली तर. घरमालकीण अजून मला 'वरची मुलगी' म्हणते.

शेवटी लिहिलं, शेवंताबाई. मॅडम खोडतील. खोडू दे.

खाली फोन नंबरही मागितलाय. म्हातारीकडं फोन न्हाई.