भगवानरावाचा उभा गहू

प्रिय सत्यशीला, सप्रेम जयभीम.

तुझं पत्र पोचलं. एकदा घाईत वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा. भगवानराव सेलूला तुझ्या शाळेत येऊन बाकावर बसला आणि आईची समजूत घाल म्हणाला, हे वाचून मला हसू आलं. इतक्या वर्षांत त्याला आपलं घर सापडलं नाही, तुझी शाळा मात्र सापडली. तू लिहितेस, आई, राग सोड, त्याचा गहू कापून टाका, विहारात बसून आपण काय ऐकतो ते आठव. मला सगळं आठवतं. पण आधी इथलं ऐक.

यंदा थंडी अशी पडलीच नाही. गहू चिकात होता तेव्हाच गरम वारं सुटलं आणि दाणा भरायच्या आत वाळला. लहानपणी तू ओंब्या भाजून खायचीस, यंदा भाजायला हिरवी ओंबी मिळाली नाही. कालव्याचं पाणी आल्यापासून गावाचा संसार गव्हावर चालतो. गहू मानवतच्या मोंढ्यात विकला गेला की मग लग्नाचा बस्ता, मग बैलजोडी, मग दवाखाना. आपण वर्षभर ज्वारीची भाकरी खातो, पण कापणीची मजुरी म्हणून मिळालेल्या पेंढ्यांचा गहू विकूनच तू मास्तरीण झालीस. दरवर्षी कुणाचा गहू आधी पिकतो, कुणाचा मागून, म्हणून मजूर पुरतात. यंदा उन्हानं सगळ्यांचा एकदमच पिवळा केला. मानवतपासून सेलूपर्यंत कुणाचा हात रिकामा नाही. आणि असा करपून वाळलेला गहू माणसासाठी थांबत नाही. पहाटेच्या गारव्यात कापला तर ठीक, ऊन चढलं की विळा लागताच दाणा झडतो. फारच राहिला तर नुसत्या वाऱ्यानंही झडतो.

आमची बायकांची टोळी मी म्हणेन त्या वावरात जाते. केशरबाई मला चिडवते, "गीताबाई, तू तर आता कलेक्टरीण झालीस." मी एकेकाचं वावर घेत गेले, भगवानरावाचं घेतलं नाही. तेव्हा तो आपल्या गल्लीच्या तोंडाशी आला. "गीताबाई, पेंढ्या वाढवून देतो की," म्हणाला. मी म्हणाले, "मालक, पेंढी नको. एक वाक्य पाहिजे, चार माणसांत." कोणतं वाक्य, हे त्यानं विचारलं नाही. मान खाली घालून गेला, आणि तिथून तुझ्याकडे आला.

ते वाक्य ज्या दिवसाचं, तेव्हा तू लहान होतीस. गावात बुटका गहू नवा आला होता, आणि भगवानरावाच्या खळ्यावर मळणी चालली होती. कडक उन्हात मळणी चांगली होते हे खरं, पण त्या दिवशी तर पाखरूसुद्धा बाहेर नव्हतं. त्याला गाड्या मोंढ्यात लावायची घाई, म्हणून कुणाला सावलीला जाऊ दिलं नाही. मी दूरच्या वावरात कापणीला होते. जे झालं ते मला मागून कळलं. तुझे बाबा बैलांमागे चालता चालता झोकांड्या खायला लागले. जीभ जड झाली, भलतंच बोलू लागले. भगवानराव बाजेवरून म्हणाला, "काय रं सूर्यभान, सकाळीच टाकून आलास व्हय?" सगळे हसले. त्यांना पुन्हा बैलांमागे लावलं. पडले तेव्हा म्हणाला, "पडू द्या, उतरंल." गाडीत घालून घरी आणलं तेव्हा मी त्यांच्या तोंडाला नाक लावलं. वास नव्हता. अंगावर घामाचा थेंब नव्हता, कातडी तव्यासारखी तापलेली. दिवस मावळायच्या आत गेले. दीक्षा घेतल्यापासून त्या माणसानं दारूला हात लावला नव्हता. पण भगवानराव पोलीस पाटलासमोर म्हणाला, पिऊन आला होता. गावानं तेच धरलं.

पुढे तुझ्या शाळेच्या पुस्तकांवरून मी अक्षरं जुळवायला शिकले. आरोग्याच्या पुस्तकात एक धडा होता. ऊन लागलेला माणूस झोकांड्या खातो, बरळतो, त्याचा घाम बंद होतो. त्याला सावलीत न्यावं, अंगावर गार पाणी घालावं. एवढंच करायचं होतं. तेव्हापासून मी वाट बघत होते. कशाची, ते मलाही माहीत नव्हतं. यंदाच्या उन्हानं ते दाखवलं.

परवा दुपारी आम्ही दिनकररावाच्या वावरात लिंबाखाली भाकरी खात होतो. भगवानराव आला आणि उन्हात उभा राहिला. त्याला कुणी सावलीत या म्हणालं नाही, मीच म्हणू दिलं नाही. बराच वेळ घाम पुसत होता. मग म्हणाला, "सूर्यभान पिलेला नव्हता. त्याला ऊन लागलं होतं. मला कळलं होतं, पर मळणी थांबवायची नव्हती." केशरबाईनं हातातला घास खाली ठेवला. मग तो म्हणाला, "आता तरी चला, बायांनो." मी म्हणाले, "भर उन्हात? मालक, जीव जाईल की माणसाचा. उद्या पहाटे बघू." रात्रभर वारं सुटलं. पहाटे जाऊन बघतो तर त्याच्या वरच्या वावरातला गहू निम्मा मातीत. राहिलेला आम्ही कापला, मग खाली पडलेला सरवा वेचला. सरवा वेचणाऱ्याचा, ही रीत त्याच्या बापजाद्यांची, त्याला नाही म्हणता येईना. तो बांधावर उभा, आणि आम्ही त्याच्यासमोर पदराचे ओटे भरत होतो. मला वाईट वाटलं का, असं तू विचारशील. नाही वाटलं.

इथवर झालं ते पुरे होतं, हे पत्र लिहायचं कारण नव्हतं. पण तुझ्या पत्राची शेवटची ओळ मला झोपू देत नाही. तू लिहिलंस, "आमचे हे बाबांसारखे नाहीत, दारूला शिवतही नाहीत, माझी काळजी करू नकोस." सत्यशीला, गाव काही म्हणो, माझ्या पोरीला खरं ठाऊक आहे असंच मी धरून चालले होते. तुला ते सांगावं लागेल असं कधी मनातच आलं नाही. म्हणून वावरात बोललेलं आता मला पुरत नाही. भगवानरावाचं कालव्याकडचं वावर अजून उभं आहे. त्याला ओल होती, चार-सहा दिवस तग धरेल, जास्त नाही. रविवारी सकाळच्या एसटीनं तो तुझ्या दारी येईल, मीच पाठवते आहे. बायकांसमोर बोलला तेच त्यानं तुझ्यासमोर आणि जावईबापूंसमोर बोलायचं, उभ्यानं. तोवर त्याला पाणी विचारू नकोस. बोलून झालं की तांब्या भरून दे. मग मला एक कार्ड टाक. ते हातात पडल्याशिवाय आम्ही विळे उचलणार नाही. टपालाला लागतील तेवढे दिवस त्यानंही आभाळाकडे बघत काढावेत.

तुझ्या बाबांची, आणि तुझीच,
आई