वीरांगनांच्या फुग्यांना जागा नाही

तीर्थस्वरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (मनाने. गुडघा अजून ठणकतोय, त्यामुळे प्रत्यक्षात खुर्चीवरूनच.) तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला गेला, की तूच त्याकडे लक्ष देणं सोडलंस? आम्ही इकडे सुखरूप आहोत. तुझी भावजयही मजेत आहे. मघापासून दोनदा काहीतरी सांगायला येऊन गेली, पण मी हात वर करून थांबवलं, कारण पत्राचा ओघ एकदा तुटला की तुटला.

भाचीने विचारलं होतं, मामा ऑफिसात नेमकं करतो काय. तिला सांग, मामा फुगे भरतो. कॉमिकमधल्या माणसांच्या तोंडाजवळ जे पांढरे फुगे असतात ना, त्यात त्यांचं बोलणं सुबक अक्षरात लिहिणं हे माझं काम. गेल्या आठवड्यात ह्याच फुग्यांपायी माझी नोकरी जाता जाता राहिली, आणि तीही कशात, तर बायकांचा उद्धार करण्यात. सगळं सविस्तर सांगतो.

झालं असं की, आमच्या मालकांच्या मनाने घेतलं, सुपरहिरो बायकांच्या चित्रकथांचा एक जाडजूड संग्रह काढायचा. बारा नायिका, बारा गोष्टी. मुलींनी काय नुसतं पुरुषांनाच उडताना बघायचं का, असं त्यांनी मिटिंगमध्ये टेबलावर हात आपटून विचारलं. मिटिंगला आम्ही सात पुरुष होतो. सगळ्यांना एकदम पटलं. चित्रांचं काम वादळकडे गेलं. (चित्रकाराचं हे टोपणनाव. त्याच्या चित्रात बंद कपाटातसुद्धा वारा सुटलेला असतो.) त्याने जीव ओतला, हे कबूल करायला हवं. एक बाई कोसळता पूल खांद्यावर पेलते, एक सुसाट ट्रक वेणीने अडवते, एक अदृश्य होते. (तिलाही त्याने नखशिखांत रंगवली. मेहनत दिसली पाहिजे, म्हणाला.)

आता आमच्या धंद्यातली रीत अशी, की आधी गोष्ट, मग चित्र, मग रंग, आणि सगळ्यांचे हात फिरले की शेवटी फुगे. म्हणजे चित्रकाराने फुग्यापुरती जागा आधीच मोकळी सोडायची. वादळने सोडली नाही! नायिकेचे केस ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत, केसांतून वाचलं तिथे तिची फडफडणारी केप, आणि बिचारीच्या तोंडाशी बोटभर जागा. खलनायक मात्र लांब कुठल्यातरी गच्चीवर करंगळीएवढा उभा, आणि त्याच्या भोवती ऐसपैस आकाश. तिथे माणसाने प्रवचन मांडावं.

मी मालकांना दाखवलं. ते म्हणाले, त्यात काय, बायकांचं बोलणं उचला आणि खलनायकाच्या फुग्यात घाला. कुणाच्या का तोंडून होईना, मुद्दा पोचल्याशी कारण. मी घातलं. (नोकर माणूस.) तर हातात बॉम्ब घेऊन शहर उडवायला निघालेला इसम पानभर सांगतोय, भगिनींनो, उठा, कुणापुढे मान तुकवू नका, आणि भगिनी बिचारी पूल खांद्यावर घेऊन निमूट ऐकतेय. एका गोष्टीत खलनायक जन्माचा मुका होता, त्यालाही वाचा फुटली. कच्ची प्रत मालकांच्या आईंनी वाचली आणि म्हणाल्या, हा बॉम्बवाला मुलगा फार गुणी आहे हो. तेव्हा कुठे मालक हादरले. सोमवारी पुस्तक छापायला जाणार, तोवर बायका बोलल्या पाहिजेत, नाहीतर फुग्यांना दुसरा माणूस बघतो, असं मला सगळ्यांदेखत सुनावलं. जागा खाल्ली वादळने आणि मान माझी. चोर सोडून संन्याशाला सुळी!

ताई, खोटं कशाला सांगू, मी घाबरलो. ह्या वयात मला कोण दारात उभं करणार? पानं घरी आणली, जेवणाच्या टेबलावर पसरून कपाळाला हात लावून बसलो. तुझ्या भावजयीला ताटं मांडायची होती, म्हणून ती पानं गोळा करायला लागली, गोळा करता करता वाचायला लागली, आणि मग चक्क हसायला लागली. मी भडकलो. म्हटलं, इथे पोटावर पाय यायची वेळ आलीय आणि तुला हसू सुचतंय? तर म्हणते, अहो, पूल खांद्यावर असताना कुणी भाषण करतं का? आणि माझीच पेन्सिल घेऊन पूलवालीच्या तोंडाशी त्या बोटभर जागेत दोन शब्द लिहिले: ‘आधी मुलं.’

मी खोडरबर उचललं होतं, ते खाली ठेवलं, ताई. मग तिने ताटं तशीच ठेवली आणि बाराही जणींना बोलतं करून टाकलं. वेणीवालीच्या गोष्टीत खलनायक पानभर फुशारक्या मारतो. त्यावर तिच्या तोंडी एवढंच घातलं, ‘झालं बोलून?’ (हे तिला कुठून सुचलं, देव जाणे.) जागा कमी असली की कामापुरतंच बोलायचं, मला रोजची सवय आहे, म्हणाली. (सवय कसली ते कळलं नाही. आमच्या घरात तिला कोण अडवतंय? आत्ता तिसऱ्यांदा आली होती. मी नुसतं पाहिलं, तर चहा ठेवून निघून गेली. चहा पाणचट आहे.)

मालकांनी पानं पाहिली आणि चष्मा काढून पुसला. कुणी केलं, म्हणून विचारलं. मी म्हटलं, घरी बसून केलं. (ह्यात खोटं काय? घरीच झालं आणि बसूनच झालं.) त्यांनी माझी पाठ थोपटली. दुसऱ्या भागाचे सगळे संवाद आता माझ्याकडे, आणि आतल्या पानावर नावसुद्धा माझं!

पण ताई, ह्या प्रकरणाने माझे डोळे उघडले. आपण बायकांना बोलायला जागाच ठेवत नाही गं. काल जेवताना तुझ्या भावजयीला मी हे बराच वेळ समजावून सांगितलं. तिने एका शब्दाने मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

भाऊजींना नमस्कार, भाचीला गोड पापा. प्रकृतीला जप.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. भाचीला पुस्तकाची प्रत पाठवतो. वेणीचा प्रयोग करू नको म्हणावं.

ता. क. २. मूळ मुद्दा राहिलाच. दुसऱ्या भागात तुझी भावजय मला जरा हाताखाली लागेल. मग स्वयंपाकपाण्याचं कोण बघणार? तर तू दोन महिने इकडे ये. भाऊजींची थोडी आबाळ होईल, पण पुरुषमाणसानेही आता चार गोष्टी शिकायला हव्यात.

ता. क. ३. खाली बोटभर जागा उरली आहे. तुझ्या भावजयीला नमस्कार लिहायला देतो.

ताई, नमस्कार. झालं ह्यांचं बोलून. दुपारी हे झोपले असताना मालकांचा फोन आला, ‘आधी मुलं’ पुढे उद्गारचिन्ह देऊ का म्हणून. मी नको म्हटलं. तुम्हाला काय कळतं म्हणाले, तेव्हा सांगितलं, माझंच आहे ते. दुसरा भाग मी लिहायचा, नाव माझं, सोमवारी बोलावलंय. ह्यांचे फुगे ह्यांच्याकडेच आहेत, काळजी नको. तुम्ही येऊ नका. दर रविवारी ह्यांनाच पाठवते, स्वयंपाक शिकवा. आधी चहा.