सतरा सेंटिमीटरची निगेटिव्ह

ता. ३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. दादाला जाऊन या महिन्याच्या अठ्ठावीसला वर्ष होईल, तेव्हा वहिनीला आम्हा भावांच्या फोटो स्टुडिओच्या शेवटच्या दिवसाचा तो लांबलचक फोटो मोठा करून द्यायचा, हा बेत चांगला आहे. पण निगेटिव्ह दादाच्या फ्लॅटबेड स्कॅनरवर स्कॅन करणार, हे वाचून मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. अगं, त्या काचेच्या पाटावर विजेची बिलं ठेवावीत! चेहरे उकडलेल्या बटाट्यांसारखे येतील. ते खोकं विकत घेण्यावरूनच आमचं फाटलं, हे तुला ठाऊक आहे. मी फिल्म स्कॅनरच हवा म्हणत होतो. तुझ्या बापाला स्वस्तात सगळं उरकायचं होतं.

निगेटिव्ह माझ्याकडे पाठव. अठ्ठावीसला मी मात्र येणार नाही. ज्याने चौदा वर्षं तोंड फिरवलं, त्याच्या आठवणींना माझी काय गरज!

लोभ आहेच, तो पत्राला उशीर करून आटवू नकोस.
तुझा काका

ता. ९ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

निगेटिव्ह सोबत पाठवतेय. जाण्याआधी तिला तुमच्या लाडक्या पाटावर एकदा निजवून घेतलं, रागावू नका. स्कॅन अजून नीट पाहिलाही नाही. बटाटे पाहायला घाई कशाला?

आई विचारते, काका येणार ना? बाबांनी तोंड फिरवलं म्हणता, पण फोन तर तुम्हीही कधी केला नाहीत. माझा राग येऊ दे, पण तुम्ही या.

रागासकट लोभ असावा.
भिंगरी

ता. १५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

काम फत्ते. माझ्या स्कॅनरची चौकट नऊ सेंटिमीटरची, दोन्ही टोकांना बंद. तुमची फिल्म सतरा. तेव्हा सरळ मधोमध कापली. घाबरू नकोस, माणूस एकही कापलेला नाही. दादा डावीकडच्या घोळक्याच्या टोकाला आणि मी उजवीकडच्या, मध्ये नुसती पांढरी भिंत. तिथूनच ब्लेड फिरवलं. भिंग लावायचीही गरज पडली नाही, चाळीस वर्षांचा हात आहे. चौकटीच्या कडेखाली भिंतीचा थोडा भाग जातो, पण भिंत कोण बघतंय? बघ, फोटोतसुद्धा आम्ही फटकूनच उभे होतो. आता एकेक केस मोजून घे आणि तुझ्या पाटाला दाखव.

जिभेचं मनावर न घेता लोभ ठेव.
तुझा काका

ता. २१ फेब्रुवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

धन्य तुमच्या हाताची! विचारलं असतंत तर मी ओरडून नाही म्हटलं असतं. तुमचं पत्र वाचून पाटावरचा स्कॅन उघडला. चेहरे खरंच बटाटे आहेत. पण तुमची ती नुसती भिंत मी उजळ-गडद करून चार वेळा पाहिली.

बाबांचा शर्ट पांढरा, भिंत पांढरी, म्हणून निगेटिव्हमध्ये दोन्ही काळं. त्या काळ्यात त्यांची बाही आहे. त्यांनी डावा हात लांब केलाय, तुमच्या खांद्याकडे. चार बोटं अंतर राहिलंय. तुम्ही दुसरीकडे पाहताय. हात जिथे आहे, तिथूनच तुम्ही ब्लेड फिरवलंत.

आईला दाखवलं. ती म्हणाली, त्या रात्री बाबा घरी येऊन म्हणाले होते, धाकट्याच्या खांद्यावर हात टाकायला गेलो, पण त्याने पाहिलंच नाही. मग ते पुन्हा कधी त्यावर बोलले नाहीत.

काका, मला तुमची फार चीड आली आहे. तरीही लोभ असावा.
भिंगरी

ता. २५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

दोन्ही तुकडे पुन्हा पाहिले, या वेळी भिंग लावून. एका तुकड्यावर बाही आहे, दुसऱ्यावर बोटांची टोकं. माझ्या स्कॅनमध्ये दोन्ही चौकटीखाली गेली, आणि आता कितीही जोडलं तरी हात पुरता येत नाही. मला इतकं मूर्ख कधी वाटलं नव्हतं.

वहिनीला सांग, अठ्ठावीसला सकाळी पोचतो. माझी प्रत आणत नाही. पाटावरचीच मोठी करून ठेव, बटाट्यांसकट.

आहे तेवढा लोभ राहू दे, मी मागायच्या लायकीचा नाही.
काका