पान सहावरची सरासरी

१२ जून

प्रिय बेडके,

तुझं पत्र आणि कर्जाचा फॉर्म, दोन्ही सोमवारी मिळाले. मी बरी आहे, खोकला गेला. घरमालकीणबाईंनी अखेर नळ दुरुस्त केला. नळाची टपटप थांबली आणि त्यांची सुरू झाली. आईचा गुडघा कसा आहे? बाबांना सांग, दुकानात दिवा लावून सुई ओवत जा. विजेचं बिल डोळ्यांपेक्षा स्वस्त असतं.

फोन केला असता, पण आई स्पीकर लावते आणि बाबा शिलाईचं मशीन थांबवून ऐकतात. त्या दोघांसमोर मला खोटं बोलायची सवय झाली आहे. म्हणून पत्र.

तू हिशोब चांगला मांडलास. कॉलेजच्या माहितीपत्रकात पान सहावर लिहिलंय, जीवशास्त्राच्या पदवीधरांची सरासरी कमाई महिना बत्तीस हजार. हप्ता बसेल साडेसहा. ‘म्हणजे पगाराचा पाचवा हिस्सा, ताई, मग घोडं अडतं कुठे?’ आणि त्याच पानावर मायक्रोस्कोपशेजारी तुझी ताई, बाबांनी शिवलेला पांढरा एप्रन घालून. खिशावर माझं नाव त्यांनी स्वतः भरलं होतं, दोन रात्री जागून.

घोडं त्या पानावरच अडतं.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजातून फोन आला. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, आपलं मासिक उत्पन्न सांगाल का? माहितीपत्रकासाठी हवंय.” मी तेव्हा आमच्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर नमुन्यांच्या नळ्या लावत होते. समोर मोटरसायकलवरून नमुने आणणारा उभा होता. मी म्हटलं, पस्तीस हजार. फोन ठेवल्यावर तो म्हणाला, “मॅडम, त्या नोकरीला मलाही लावा की.” आम्ही दोघं पगाराला एकाच रजिस्टरवर सही करतो. मला सोळा मिळतात, त्याला सतरा, आणि पेट्रोल वेगळं.

नंतर वर्गातल्या दोघीतिघींना विचारलं. एक मोबाइलच्या दुकानात बसते, तिने चाळीस सांगितले होते. एकीने शिकवण्यांना संस्था म्हटलं. ज्यांना कामच नव्हतं त्यांनी फोन उचलला नाही, त्यामुळे त्या मोजल्याच गेल्या नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, कॉलेजने आमच्या झाकल्या मुठी गोळा केल्या आणि त्यांची सरासरी काढली. तुझे बत्तीस हजार ते आहेत. त्यातली एक मूठ माझी.

माझा आकडा बरा वाटला म्हणून मला फोटोला बोलावलं. जाण्यायेण्याचं भाडं आणि कॉलेजचं नाव छापलेला एक कप दिला. मायक्रोस्कोप त्यांचा होता.

मी शास्त्रज्ञ नाही, बेडके. मी नळ्यांवर नावाच्या चिकटपट्ट्या लावते आणि टोपणांच्या रंगाप्रमाणे त्या रॅकमध्ये ठेवते. आत मशीनजवळ जायची मला परवानगी नाही, कारण माझ्याकडे तंत्रज्ञाचं प्रमाणपत्र नाही, नुसती पदवी आहे. आतली मुलगी माझ्याहून तीन वर्षांनी लहान. दोन वर्षांचा कोर्स केला तिने, माझ्या फीच्या चौथ्या हिश्शात, आणि तिला सव्वीस मिळतात. कधीकधी अहवालात काही वेगळं दिसलं की ती मला बोलावून दाखवते, कारण त्याचा अर्थ मला कळतो. मग मी पुन्हा काउंटरवर येते. पांढरा एप्रन इथे फक्त डॉक्टरांना आहे, आम्हाला निळा.

कर्जाचंही ऐक. घेतले चार लाख. शिकता शिकता व्याज चढून झाले पाच लाख वीस हजार. चार वर्षं एकही हप्ता न चुकवता तीन लाखांहून जास्त भरले. आज बाकी किती? चार लाख पंधरा हजार. घेतले त्याहून जास्त. सणसणीत चपराक बसल्यासारखी मी बँकेच्या त्या कागदाकडे बघत बसले होते.

जामीनदाराची जागा रिकामी ठेवून फॉर्म परत पाठवते आहे. ताईचं मन कोतं, असं तुला वाटेल. मीही तुला तसंच लिहिणार होते की सही करायची इच्छा नाही. ते सोपं होतं. खरं हे आहे की मंगळवारी अर्धी रजा टाकून मी बँकेत गेले होते. साहेब सज्जन होते. माझी पगाराची चिठ्ठी पाहिली, माझं कर्ज पाहिलं आणि म्हणाले, “ताई, तुमच्याच कर्जाला अजून वडील जामीन आहेत. तुम्ही दुसऱ्या कुणाला कशा राहणार?” बायोलॉजीच्या पदवीवर बायोलॉजीच्या पदवीसाठी जामीन राहता येत नाही, एवढं मला त्या खुर्चीत कळलं. बाहेर येऊन पायरीवर रडले.

आता बाबा दुकान तारण ठेवायला निघतील. तुला विचारणारही नाहीत. तेवढ्यासाठी हे सगळं लिहिलं.

विषयावर माझा राग नाही. बटणांची बरणी रिकामी करून तू बेडकांची पिल्लं पाळलीस, बाबांना आठवडाभर बटणं सापडेनात, तेव्हाच मला कळलं होतं की तू माझ्या वळणावर जाणार. कांद्याच्या मुळाची पेशी दुभंगताना मी पहिल्यांदा पाहिली, त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. ते सुख खरं होतं. पण ते सुख आणि बाबांचं दुकान एका तराजूत घालू नकोस. आधी त्या तंत्रज्ञाच्या कोर्सची चौकशी कर. कॉलेजला जाच, पण त्यांना विचार: किती जणांनी फोन उचलला, आणि चिठ्ठी कुणाची पाहिली?

माझी पगाराची चिठ्ठी सोबत जोडली आहे. हे पत्र आणि ती चिठ्ठी बाबांना मोठ्याने वाचून दाखव. मशीन थांबवायला सांग. एप्रनबद्दल त्यांनी विचारलं तर सांग, स्वच्छ आहे, एकदाच घातला.

बँकेच्या कागदावर माझ्या सहीला किंमत नाही. या कागदावर करते.

तुझी,
सोळा हजारांची ताई