विटकरी रंगाचा उन्हाळा

आई, तू गेलीस त्यालाही आता खूप वर्षं झाली, आणि तुझी मुलगी आजी झाली आहे. अजून सकाळी उठल्यावर पहिली सुई घेते आणि मगच चहा. पण आज लिहायला बसले ते वेगळ्या गोष्टीसाठी. ठाण्याच्या एका सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस फक्त सुई घेणारी मुलं येतात. त्यांना इन्सुलिन मिळतं, रक्त तपासायचं छोटं यंत्र आणि त्याच्या पट्ट्या मिळतात, आणि हे सगळं फुकट. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, "फुकट? मग त्यात काहीतरी खोट असणार." मीही हेच विचारलं होतं. खोट नाही गं. मी तिथे का जाते, ते ऐकून हसशील. मला दाखवायला बोलावतात. नवी आई रडायला लागली की नर्स माझ्याकडे बोट दाखवते, "या बघा, दहाव्या वर्षापासून सुई घेताहेत. यांची नात कॉलेजात आहे." मग त्या बायका मला खालपासून वरपर्यंत न्याहाळतात. एकीने तर माझा दंड चाचपून पाहिला.

मी कोपरहून गाडी धरून जाते ती खरं म्हणजे चौकशा करायला. कोण सुई कुठे टोचतं, शाळेत डबा कधी खाऊ देतात, आजी चोरून काय भरवते. ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांना नर्स मडक्यात मडकं ठेवून, मध्ये ओली वाळू भरून दाखवते. ते बघताना मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. तू स्टोव्हसमोर उकिडवी बसली आहेस. एका पातेल्यात काचेची सिरिंज उकळते आहे, आणि चिमट्यात धरलेल्या काचेच्या नळीत निळं औषध आणि माझ्या लघवीचे थेंब. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, नारिंगी अशी पायरी चढत जायची आणि सगळ्यात वाईट रंग विटकरी. नळी उजेडात धरून तू बघायचीस आणि मी नळीकडे न बघता तुझ्या भुवयांकडे बघायचे.

तो उन्हाळा तुला आठवतो का? रोज विटकरी. मी वाळत चालले होते, माठातलं पाणी संपवत होते, आणि तू मला फळीवरच्या डब्यांसमोर उभं केलंस. "काय खाल्लंस?" "काही नाही." "आंब्याच्या वड्या?" "नाही गं आई." "खोटं बोलू नकोस. हा रंग खोटं बोलत नाही." मामाच्या लग्नाला कल्याणला जायचं होतं, ते तू माझ्यापुरतं रद्द केलंस. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरने खोटं बोलणाऱ्याचं काय होतं ते इतकं रंगवून सांगितलेलं की मला स्वतःचीच शंका येऊ लागली. मी झोपेत उठून खात असेन का? शाळेच्या रिबिनीने मी पाय खाटेला बांधून झोपायचे. सकाळी गाठ तशीच असायची, आणि नळी विटकरी. मग नवी बाटली आली आणि रंग हिरव्यावर उतरला. तू म्हणालीस, "बघ, खाणं सोडलंस तर लगेच फरक." सुधारल्याचं बक्षीस म्हणून मला शाईचं पेन आणलंस. निळंच होतं ते. मी ते कधी भरलं नाही, आणि तूही कधी का ते विचारलं नाहीस.

आता आजची गोष्ट सांगते. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली एक बाई आली होती, बाजारात मासळी विकते. बरोबर तेरा वर्षांची मुलगी, गाल बसलेले, ओठ सुकलेले. यंत्रावर आकडा भलताच वर. गेल्या खेपेला डॉक्टरांनी औषध वाढवूनही तसाच. बाई तावातावाने नर्सला सांगत होती, "शालेच्या गेटावर खाते ही. गोल्या खाते, चाकलेट खाते. मी तिचे शालेचं नावच काढून टाकतंय, उद्यापास्ना घरान बसंल." मुलगी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "नाय खाल्ली मी." "मंग यंतर खोटा बोलतंय काय गो?"

आई, मी खुर्चीत सावरून बसले. मुलगी पुन्हा तेच म्हणाली, पण या वेळी आवाज खाली गेला होता. मला तो आवाज ओळखीचा होता. स्वतःवरचा विश्वास उडायला लागला की असा होतो. मी काही हुशारीने विचारलं नाही, नेहमीचीच चौकशी केली, "औषधाची बाटली कुठे ठेवता हो?"

बाई जरा अभिमानानेच म्हणाली, "बरफान. मासलीच्या पेटीन, पार खाली. फिरीज हाय घरान, पण आमच्याकं लायट सारखी जाते. बरफ जात नाय. तुम्हीच बोल्लाव थंड ठेवा, मंग बरफापेक्षा थंड काय?"

नर्सने कपाळाला हात लावला. "अहो ताई, इन्सुलिन गोठलं की मेलं. परत वितळलं तरी त्यात जीव नाही राहत. तुमची पोर नुसतं पाणी टोचून घेतेय!"

आयुष्यभर त्या बाईने मासळी नासण्यापासून वाचवली ती बर्फानेच. लेकीचं औषधही तिने तितक्याच मायेने पुरलं होतं. नर्स नवी बाटली आणि वाळूचं मडकं आणायला गेली. मुलगी वळली आणि म्हणाली, "आता बोल. मी खाल्ली नव्हती, बोल." बाई इकडेतिकडे बघत राहिली. मग पदराने लेकीचं तोंड पुसत म्हणाली, "नाय खाल्लीस गो माझे बाय. नाय खाल्लीस." आणि लगेच, "चल, औषध घेव आन उद्या शालेत जा. माझ्या डोक्यावर बसू नको."

परतताना माझ्या डोक्यात एकच फ्रीज होता, शेजारच्या काकूंचा, वाडीतला एकमेव. आपली बाटली तिथेच असायची. त्या उन्हाळ्यात त्यांच्याकडे पाहुणे होते, मुलं सारखी दार उघडायची. काकू तुला जिन्यात म्हणाल्या होत्या, "तुमची बाटली मी वर बर्फाच्या खणात ठेवलीय हं, गारेगार राहील." तू किती आभार मानलेस त्यांचे. बाटली घरी यायची तेव्हा तिच्यावर पांढरं चढलेलं असायचं. तू ती वाटीतल्या कोमट पाण्यात धरायचीस, म्हणायचीस, "थांब, गार टोचलं की दुखतं." नवी बाटली आली तेव्हा पाहुणे गेलेले होते, आणि ती खालच्या कप्प्यात राहिली. तू, काकू, मी, आपल्यातल्या कुणालाच हे ठाऊक नव्हतं. कुणी सांगणारंच नव्हतं. आपल्याकडे डॉक्टर होते, पण "कुठे ठेवता?" असं विचारायला बसलेलं माणूस नव्हतं. तुला कुणी विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस, याचं मला फार कुतूहल आहे. कपाळाला हात लावला असतास, की आधी काकूंची बाजू घेतली असतीस?

घरी आल्यावर तू दिलेलं ते शाईचं पेन शोधलं. रबर कडक झालंय, शाई ओढत नाही, म्हणून हे साध्या बॉलपेनने लिहिते आहे. मग ओट्याशी उभं राहून त्या बाईचं वाक्य तुझ्या आवाजात म्हणून बघितलं. नाही खाल्लंस गं. दोनदा, तीनदा. जमेना. तुझ्या भुवया आठवतात, तुझा चिमटा आठवतो, पण आई, तुझा आवाज मला आता नीट आठवत नाही. हे तुला कळवायला धीर होत नाही. हा कागद राहू दे माझ्याजवळच.