चुन्याची डबी

तीर्थरूप मायच्या पायाशी सुकदेवचा दंडवत.

अकोल्यात मी खुशाल आहो. कापसाले असा भाव आला का गाडीवाले बैलाच्या शिंगाले चांदी मढवून राहिले. मले बी गाठी बांधायचं काम रोज भेटते.

निघताना तू म्हनली होती, "सोताले वळन लाव, तंबाखू सोड, तरच मानूस होशीन." सोडली, माय. पहाटे उठतो, आंग धुतो, कामावर पयला जातो. मुकादम आता मले नावानं हाक मारते. बाबाले सांगजो, त्याइले खरं वाटनार नाही.

पन एक गोष्ट मले ठाव नव्हती. दुपारी सारे गडी निंबाखाली बसतात, तंबाखू मळतात, एकमेकाले चुना मागतात. बोलनं तिथूनच सुरू होते, मंग घरची गोठ निंगते. मी जवळ गेलो का "महाराज आले" म्हनून हासतात. मंग मी सरकीच्या ढिगापाशी एकटाच भाकर खातो.

आपली कपिली व्याली काय? बाबाचा खोकला कसा हाय? इथं मले कोनी इचारत नाही, म्हनून मीच इचारतो.

काळजी करू नोको. तंबाखूले मी शिवत नाही. चुन्याची डबी मात्र रोज ताजी भरून कमरेले खोचतो. कोनी मागंन म्हनून.

तुहा लेक,
सुकदेव